जगात जर्मनी, घरी पेडगाव

आमच्या गावाचे नाव काढले की पुण्यातली मंडळी हसतात. "वेड पांघरून जायचे ते पेडगाव का हो?" मग मी नेहमीचा खुलासा करतो. लोक म्हणीतले म्हणून दाखवतात ते पेडगाव भीमेच्या काठचे, श्रीगोंदे तालुक्यातले, बहादूरगडाचे. आमचे परभणी जिल्ह्यातले. परभणी-मनमाड लोहमार्गावरचे एक लहानसे स्टेशन आणि भोवताली काळीभोर जमीन, एवढाच त्याचा थाट.

आमच्या जिल्ह्याची स्वतःची म्हण निराळीच आहे : 'जगात जर्मनी, भारतात परभणी.' ही म्हण कोणी आणि कोणत्या आनंदात काढली असेल ती असो. पण चिरंजीव नोकरीसाठी कोलोनला गेले आणि आमच्या घरात ती खरी झाली. २०२५ च्या सप्टेंबरात आम्ही उभयतां आणि धाकटी कन्या असे तिघे त्याच्याकडे निघालो. सामानात भाजणी, मेतकूट आणि पेडगावच्या वहिनींनी धाडलेली शेंगदाण्याची चटणी. निघताना थोरल्या बंधूंना, दादांना, फोन केला.

"पाऊस कसा आहे, दादा?"

"पडतोय बरा. तुम्ही निवांत फिरा. इकडची कायबी काळजी करू नका."

कोलोनचे कॅथीड्रल पाहून मान दुखली. १२४८ साली पाया घातला आणि १८८० साली काम पुरे झाले, असे मुलाने सांगितले तेव्हा आमची ही म्हणाली, "म्हणजे आपल्या सोसायटीच्या लिफ्टला अजून वेळ आहे म्हणायचा!" सगळे हसलो. फोटो काढले. रात्री मोबाइलवर बातम्या उघडल्या, तर मराठवाड्यात अतिवृष्टी, गोदावरीला पूर, गावांचे रस्ते तुटलेले. पुन्हा दादांना फोन केला. "बरं चाललंय," एवढेच उत्तर.

दुसऱ्या दिवशी ऱ्हाइनमधून बोटीने हिंडलो. दोन्ही तीरांवर द्राक्षांचे मळे आणि टेकडीटेकडीवर किल्ले. एका गावी उतरलो, तर जुन्या घराच्या भिंतीवर आडव्या रेघा आणि प्रत्येकीपुढे एक साल. मुलगा म्हणाला, "बाबा, पूर कुठवर चढला त्याच्या या खुणा. कोलोनला १७८४ साली पाणी साडेतेरा मीटरवर गेले होते. १९९३ आणि १९९५ लाही साडेदहाच्या वर." मग जरा थांबून म्हणाला, "आणि २०२१ च्या जुलैत इथून जवळच, आर नदीच्या खोऱ्यात एका रात्रीत शंभराहून अधिक माणसे गेली."

एवढ्या संपन्न देशात! मी त्या रेघांकडे पाहत राहिलो. एक तर माझ्या डोक्याच्या वर होती. तेवढ्यात कन्येने फोन पुढे केला. पलीकडे वहिनी होत्या. "भाऊजी, ह्यांनी तुम्हाला सांगू नका म्हणलंय, पण राहवत नाही. ओढ्याचं पाणी आखाड्यात शिरलं. सोयाबीन चार दिवस पाण्यात उभं हाय. शेंगांना कोंब फुटलेत."

दसऱ्याला घरी यायचे पीक ते. मला एकदम उमगले, की म्हण खोटी नव्हती. दादा पेडगावात बसून वेड पांघरत होते, आमची सहल बिघडू नये म्हणून. आणि मी बातम्या वाचूनही त्यांच्या 'बरं चाललंय'वर विश्वास ठेवत होतो, तोही त्याचसाठी. दोघे भाऊ, दोन देशांत, एकाच घोंगडीखाली!

परतल्यावर पुण्यात जेमतेम दोन दिवस काढून गावी गेलो. दादा आखाड्यावर होते. शेतात काळे पडलेले सोयाबीन आडवे झाले होते आणि कुजका वास सुटला होता. ७ ऑक्टोबरला सरकारने ३१,६२८ कोटींची मदत जाहीर केली, कोरडवाहूला हेक्टरी साडेअठरा हजार. दादा पंचनाम्याचा कागद घडी करीत म्हणाले, "बियाणं, खत, फवारणी, काढणी... तू शिकलेला, तूच मांड हिशेब." मी मांडला नाही. जर्मनीत आम्ही चौघांनी एका आठवड्यात काय खर्चले, तोच आकडा आधी डोळ्यांपुढे आला.

"दादा, मला सांगितलं का नाही?"

"सांगून काय झालं असतं? तू तिथून पाणी उपसणार होतास?"

याला उत्तर नव्हते. मी त्यांना ऱ्हाइनकाठच्या भिंतीचा फोटो दाखवला. चष्मा वर सारून त्यांनी तो बराच वेळ पाहिला. "आपल्याकडं पाणी उतरलं की लोक विसरतात," ते म्हणाले, "आणि पंचनामा करणारा विचारतो, कुठवर आलं होतं?"

मग उठले, छिन्नी-हातोडी घेऊन आले आणि आखाड्याच्या दगडी चौकटीवर, माझ्या गुडघ्याच्या जरा वर, एक आडवी रेघ पाडली. साल मला कोरायला लावले. माझा हात कच्चा. 'पाच' वेडावाकडाच आला.

"राहू दे," दादा म्हणाले. "वाचता येतंय."

निघताना मी त्यांच्याकडून शब्द घेतला, की पुढच्या वेळी फोनवर खरे सांगायचे. त्यांनी मान डोलावली. या पावसाळ्यात त्यांचा फोन आला, तेव्हा मी विचारायच्या आधीच ते म्हणाले, "रेघेच्या खाली हाय, बरं का."