बॅटरीचा कायदा आणि आमचे सेल

आमच्या बीबीत 'बॅटरी' म्हणजे रात्री रानात जाताना हातात धरायची ती. तिच्या पोटात जातात ते 'सेल'. सरकारला हा भेद मान्य नाही. 2001 च्या नियमांत निदान फक्त शिशाच्या बॅटऱ्या होत्या. ऑगस्ट 2022 च्या नियमांनी आमच्या घड्याळातला चिमुकला सेलसुद्धा कायद्याच्या कक्षेत ओढला. कंपनीनं जुना माल गोळा करायचा आणि आपण तो घरच्या कचऱ्यात टाकायचा नाही. म्हणून त्यावर फुली मारलेली कचराकुंडी छापायची.

"पण टाकतंय कोण?" इति आमचं कुटुंब. खरंच आहे. आमच्याकडं सेलला सहजासहजी निवृत्ती नाही. रिमोटातून उतरला की तो घड्याळात जातो, तिथं काटा लटपटला की दोन दिवस ऊन खातो आणि पुन्हा कामावर रुजू. एवढ्या मुदतवाढी बँकेत कुणाला मिळालेल्या मी पाहिल्या नाहीत.

युरोपात 2023 साली याहून कडक कायदा आला. 2030 अखेर लहान बॅटऱ्यांपैकी 73 टक्के परत आल्या पाहिजेत, असं त्यांनी कंपन्यांना बजावलंय. मी कर्जखात्यावर बसतो. वसुलीचा हा आकडा वाचून मला त्या साहेबलोकांचं कौतुकच वाटलं. त्यातलं आणखी एक कलम मात्र मनापासून पटलं. फेब्रुवारी 2027 पासून बहुतेक लहान उपकरणांतली बॅटरी गिऱ्हाइकाला स्वतः काढता-घालता आली पाहिजे.

पटण्याचं कारण माझा धाकटा भाऊ. लाइटीची रात्रपाळी असली की तो हरभऱ्याला पाणी द्यायला जातो. गेल्या हिवाळ्यात त्याची चार्जिंगची बॅटरी ऐन बांधावर मिटली. मोबाइल कोठ्यात. पुढं काहीतरी सळसळलं, म्हणून गडी पहाटेपर्यंत थंडीत जागचा हलला नाही. घोणस होती की उंदीर, देव जाणे. दुकानदार म्हणाला, "हे उघडत नाही, साहेब. नवी घ्या." साडेतीनशे रुपये.

थोरलीनं शाळेत कायदा ऐकला आणि बिस्किटांच्या डब्यात जुने सेल साठवले. डबा घेऊन मी त्याच दुकानात गेलो. इन्व्हर्टरची जुनी बॅटरी तो धावत येऊन उचलतो, वर नवीच्या किमतीत पैसेही कापून देतो. शिशाला भाव आहे ना! सेल पाहून म्हणाला, "याले कोन इचारते?"

डबा परत घरी आला. परवा त्यात सहा सेल कमी भरले. आईनं ते पापडांशेजारी वाळत घातले होते.

"अजून पंधरा दिवस घड्याय चालते यावर," ती म्हणाली.