तिचं कार्यालय कुठे?

सोलापुरातल्या एका नियोजित संकुलाच्या आराखड्यावर बोलायला आम्हा कार्यकर्त्यांना बोलावलं होतं. खाली कार्यालयं आणि गाळे, वर घरं, दोन्हींची फाटकं वेगळी. "घर आणि काम यांची सरमिसळ नको," असं वास्तुरचनाकारांनी दोनदा बजावलं. आम्ही विचारलं, या शहरात ही सरमिसळ गरिबाच्या घरात कधी नव्हती?

आमच्या वस्तीतली बिडी वळणारी बाई मांडीवर सूप घेऊन दारात बसते. पानं भिजवायची, कात्रीने कापायची, तंबाखू भरायचा, दोरा बांधायचा. हे सगळं त्याच खोलीत, जिथे चूल आहे आणि लेकरू झोपलेलं आहे. 1966 च्या बिडी-सिगार कामगार कायद्याने घरी वळणारीलाही कामगार मानलं. आराखडा काढणारे मात्र तिला अजून गृहिणीच समजतात. जागेचं भाडं आणि वीज वाचते मालकाची, खोकला उरतो घरात.

कुंभारीत 2006 साली बिडी कामगार बायांना 10,000 घरं मिळाली. जानेवारी 2024 मध्ये तिथेच रे नगरच्या 30,000 पैकी 15,000 घरांच्या किल्ल्या असंघटित कामगारांना मिळाल्या. लढून मिळवलेली ही घरं, त्यांना आम्ही नावं ठेवणार नाही. पण छप्पर मिळालं म्हणून सूप मांडीवरून उतरत नाही.

बाबासाहेब परळच्या बीआयटी चाळीत राहत तेव्हा त्यांचं कार्यालय दामोदर हॉलमध्ये होतं. पुढे राजगृह बांधलं ते ग्रंथांसाठी, कामासाठी जागा राखूनच. कामाला वेगळी जागा, पण आपल्याच छपराखाली. ही सोय फक्त बॅरिस्टरलाच का असावी?

आम्ही मोठ्या उत्साहाने तळमजल्यावर हवेशीर सामायिक हॉल सुचवला. बायांनीच तो मोडीत काढला. "खाली बसलो तर भाताकडं कोण बघणार?" समाजशास्त्र शिकलेल्या आम्हाला हे सुचलं नव्हतं! मग ठरलं, प्रत्येक मजल्यावर जिन्यालगत दोन खिडक्यांची एक खोली, पानं-तंबाखू ठेवायला कपाट, आणि शेजारी पाळणाघर. त्याने विक्रीचं क्षेत्रफळ घटतं, असं उत्तर मिळालं. गाड्या लावायच्या जागेने ते घटत नाही वाटतं.

पुढच्या बैठकीला तीन बिडी कामगार आमच्यासोबत येणार आहेत. बैठक सकाळी अकराला ठेवली आहे, आणि त्या वेळी त्या कारखान्यात बिड्या मोजून द्यायला रांगेत असतात. वेळ बदला, असं पत्र आम्ही काल दिलं.