उरलेले पावणेनऊ तास

आमच्या धंद्यात ९९.९ टक्के हा मिरवण्याचा आकडा आहे. सिस्टिम वर्षभरात एवढा वेळ सुरू राहिली की टीमची पाठ थोपटली जाते. उरलेला ०.१ टक्का म्हणजे वर्षाचे पावणेनऊ तास. ते नेमके कधी येतात, हे त्या आकड्यात कुठेच दिसत नाही.

२२ जुलै २०२१ ला चिपळूणमध्ये वाशिष्ठीचं पाणी शिरलं. आई-बाबा तिथे, मी पुण्यात. सकाळी बाबा म्हणाले, "पाणी पायरीला लागलंय, आम्ही माळ्यावर जातोय." मग फोन बंद. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी एका अनोळखी नंबरवरून आईचा आवाज ऐकू आला. मधल्या वेळात मी नंबर फिरवत होतो आणि टॉवर बंद का पडतात, हे वाचत होतो.

वीज गेली की टॉवर बॅटरीवर चालतो, मग डिझेलवर. डिझेल पोचवायला रस्ता लागतो. फायबर तुटली तर शाबूत टॉवरही मुका. जो सुरू राहतो, त्यावर अख्खं गाव तुटून पडतं. त्याच्या वाट्याचा स्पेक्ट्रम मोजका, हिशोब रोजच्या गर्दीचा. माळ्यावर अडकलेला माणूस, त्याला शोधणारी बोट आणि पुण्यात बसलेला मी, तिघंही एकाच रांगेत.

पोलिसांचा वायरलेस या रांगेत नसतो. त्याची फ्रिक्वेन्सी राखीव. एक बोलतो, बाकीचे सगळे ऐकतात. जवळच्या अंतरात मध्ये टॉवरही लागत नाही. १५० मेगाहर्ट्झच्या आसपासची लहर दोन मीटर लांब असते, त्यामुळे डोंगराच्या आडोशाला ती मोबाइलच्या लहरीपेक्षा बरी पोचते. पण तो पट्टा अरुंद. आवाज मावतो, नकाशा, व्हिडिओ मावत नाही.

शिवाय प्रत्येक खात्याचा वायरलेस वेगळा असला की काय होतं, ते न्यूयॉर्कनं ११ सप्टेंबर २००१ ला पाहिलं. इमारत कोसळेल, हा पोलिसांच्या हेलिकॉप्टरमधून दिलेला इशारा आत असलेल्या अग्निशामकांपर्यंत पोचला नाही. त्या दिवशी ३४३ अग्निशामक गेले. अमेरिकेनं २०१२ मध्ये कायदा करून ७०० मेगाहर्ट्झमधला २० मेगाहर्ट्झचा पट्टा सगळ्या आपत्कालीन सेवांना मिळून दिला. त्यातून 'फर्स्टनेट' उभं राहिलं. एरवी तो पट्टा सामान्य ग्राहकही वापरतात. संकटात त्यांना बाजूला सारून बचावपथकाला वाट मिळते. आपण रुग्णवाहिकेला देतो तशी.

म्हणजे 'एवढा महागडा स्पेक्ट्रम रिकामा ठेवायचा का?' या प्रश्नाला उत्तर आहे. आपल्याकडेही २०१८ मध्ये ट्रायनं अशा सेवांसाठी ८०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात १०-१० मेगाहर्ट्झ राखून ठेवण्याची शिफारस केली होती. लिलावात स्पेक्ट्रमच्या किमतीची बातमी होते. पूर आल्यावर त्यावर पहिला हक्क कुणाचा, हा प्रश्नही तेवढ्याच मोठ्या आवाजात विचारायला हवा.

हल्ली अपटाइमचा अहवाल आला की मी टक्के नंतर बघतो. बंद पडलेले तास कोणत्या तारखेचे होते, ते आधी विचारतो.