आतलं पाणी

लोट्याच्या औद्योगिक वसाहतीत माझं काम म्हणजे प्रयोगशाळेत शंभर ग्रॅम जमलेलं औषध-द्रव्य रिअॅक्टरमध्येही तसंच जमेल अशी कृती बसवणं. हे काम जानेवारीत वेगळं असतं आणि जुलैत वेगळं. जुलैत जगबुडी नदी खेडच्या बाजारपेठेच्या पायरीशी येते, आणि इकडे मिठाच्या बरणीसारखी आमची प्रत्येक पूड ओलसर होऊ पाहते.

अशाच एका जुलैत एका क्षाराची बॅच वाळेना. हिवाळ्यात हेच स्फटिक रात्रीतून सुटे, मोकळे व्हायचे. आता कृती तीच, आयसोप्रोपिल अल्कोहोल तेच, पण कार्ल फिशर यंत्रावरचा पाण्याचा आकडा जागचा हलत नव्हता. मी ड्रायरचं तापमान वाढवलं. सकाळी ट्रे बाहेर काढले तेव्हा पूड पिवळी पडली होती.

चूक माझी होती. पाणी कणांवर नव्हतंच. गाळताना दमट हवेतून शिरलेलं पाणी स्फटिकाच्या रचनेतच जाऊन बसलं होतं. हायड्रेट तयार झालं होतं. ओलं धोतर वाळवावं तसं मी ते वाळवत बसलो आणि रेणूच भाजला. ती बॅच वाया गेली, आणि आमचं सांडपाणी प्रक्रिया होऊनही शेवटी दाभोळच्या खाडीकडेच जातं. त्यामुळे वाया गेलेला प्रत्येक किलो मला जास्तच टोचतो.

त्या दिवसांत मी कॅम्प्टोथेसिन या कर्करोगविरोधी द्रव्याबद्दल पुन्हा वाचलं; तिथेही अडचण पाण्याचीच होती. नंदुरबारात १९२५ साली जन्मलेले रसायनशास्त्रज्ञ मनसुख वाणी यांनी मन्‍रो वॉल यांच्यासह १९६६ मध्ये ते एका चिनी झाडातून वेगळं केलं. तेच द्रव्य आपल्या सह्याद्रीतल्या नरक्याच्या झाडातही आहे, आणि त्यापायी या झाडावर इतकी कुऱ्हाड चालली की आता ते जपावं लागतं.

कॅम्प्टोथेसिन कर्करोगाच्या पेशी मारत होतं, पण पाण्यात विरघळत नव्हतं. मग रेणूतली लॅक्टोनची कडी उघडून त्याचा सोडियम क्षार केला. तो छान विरघळला. रुग्णांना दिला, तर गुण कमी आणि त्रास फार. औषधाची ताकद मिटलेल्या कडीत होती. शिवाय आम्लधर्मी लघवीत ती कडी पुन्हा मिटायची आणि मूत्राशयालाच इजा करायची. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला चाचण्या थांबल्या.

पुढे १९८५ मध्ये हे द्रव्य टोपोआयसोमरेज-१ या विकराला अडवतं हे कळलं, आणि रसायनशास्त्रज्ञ त्याच्याकडे परतले. या वेळी कडीला हात न लावता रेणूच्या दुसऱ्या टोकाला एक अमाइन गट जोडला. कडी मिटलेली राहिली आणि रेणू आम्लधर्मी पाण्यात विरघळलाही. त्यातून झालेलं टोपोटेकॅन अमेरिकेत १९९६ मध्ये मंजूर झालं, म्हणजे शोधानंतर तीस वर्षांनी. मधल्या वर्षांत हा रेणू नापास मानला गेला होता. खरं तर नापास झाली होती त्याला विरघळवण्याची रीत.

हे वाचून मी ड्रायरकडे नाही, गाळणीकडे गेलो. झाकण बंद केलं, नायट्रोजनच्या दाबाखाली गाळलं, धुवायला कोरडं अल्कोहोल घेतलं. तिसऱ्या प्रयत्नात पांढरे, सुटे स्फटिक हाती आले. बाहेर तेव्हा परशुराम घाटावर पाऊस कोसळत होता.

तेव्हापासून माझ्या वहीत प्रत्येक प्रयोगाची पहिली ओळ हवेतल्या आर्द्रतेची असते. वजन, तापमान, वेळ, सगळं त्यानंतर.