ओ.टी. म्हणजे ऑपरेशन नव्हे

मावशीच्या केसपेपरवर डॉक्टरांनी ‘ओ.टी.’ लिहिलं तेव्हा आई घाबरलीच. तिला वाटलं, ऑपरेशन थिएटर! डॉक्टरांनी समजावलं, ऑक्युपेशनल थेरपी. मराठीत व्यवसायोपचार. तरी घरात प्रश्न उरलाच : नैराश्यामुळे जी बाई अंथरुणातून उठत नाही, तिला कसला व्यवसाय शिकवणार?

मी साहित्याची विद्यार्थिनी, त्यामुळे शब्दाच्या मागे लागले. इथे व्यवसाय म्हणजे पोटापाण्याचा धंदा नाही. आंघोळ, स्वयंपाक, बाजार, मिस्साला जाणं, विणकाम, अशा ज्या ज्या कामांनी माणसाचा दिवस भरतो, ती सगळी यात येतात. आजारात हीच कामं एकेक करून सुटत जातात. संस्कृतात ‘व्यवसाय’चा अर्थ निश्चय असाही आहे, गीतेत तो त्याच अर्थाने येतो. मला तो जास्त पटला.

कारण पहिल्या दिवशी मावशीला क्रोशा विणायला सांगितलंच नाही. फक्त विचारलं, लोकर कुठल्या रंगाची घेणार? तिने बऱ्याच वेळाने निळ्या गुंडीवर बोट ठेवलं. कित्येक महिन्यांत तिने स्वतः ठरवलेली ती पहिली गोष्ट. मग दहा मिनिटं बसायचं, पुढे वीस. आधी नुसती साखळी, नंतर खांब. टाके मोजताना लक्ष एका जागी राहतं. चुकलं तर उसवून परत घालता येतं. गोळ्या चालूच होत्या, त्या लागतातच. पण गोळीने झोप लागली तरी सकाळी उठायचं कशासाठी, ते गोळी सांगत नाही.

याच सुमारास ब्राझीलच्या डॉ. निसे दा सिल्वेरा यांच्याबद्दल वाचलं. रुग्णांना विजेचे झटके द्यायला त्यांनी नकार दिला. १९४६ मध्ये रिओच्या सरकारी मनोरुग्णालयात त्यांनी व्यवसायोपचार विभाग हाती घेतला. एरवी रुग्णांकडून साफसफाईसारखी कामं करून घेत. निसेंनी त्यांच्या हाती रंग आणि माती दिली. १९५२ मध्ये त्या चित्रांचं संग्रहालय झालं. १९५७ मध्ये झुरिकच्या प्रदर्शनात ती खुद्द युंगनी पाहिली.

वर्गात आपण म्हणतो, दुःखातून कला जन्मते. मावशीच्या दुःखातून मात्र काहीच जन्मत नव्हतं, साधा चहासुद्धा नाही. विणायला लागल्यावर हळूहळू चहा आला, मग भाजी, मग शेजारणीशी बोलणं. तिचा पहिला रुमाल एका बाजूला ओढलेला आहे. तो घरच्या आल्तारावर मारियामातेच्या पुतळ्याखाली आहे. पाहुणे विचारतात, “विकायला ठेवणार का?” मावशी नुसतं हसते. लोकर संपली की ती आता एकटीच खडेबाजारात जाते.

तुमच्या घरीही असं कुणी असेल, तर “वा, किती छान!” म्हणायची घाई करू नका. आता पुढे काय विणायचं ठरवलंय, ते विचारा. आणि उत्तर यायला वेळ लागला, तर थांबा.