आपला आज्ञाधारक, पिनोकिओ

शाळेत असताना आपण सगळ्यांनी अर्ज लिहिलेत. पोट दुखतंय म्हणून, मामाचं लग्न आहे म्हणून. शेवटी डाव्या नाहीतर उजव्या कोपऱ्यात ठरलेलं वाक्य, 'आपला आज्ञाधारक विद्यार्थी'. माझी लेक सहावीत आहे. परवा तिने अर्ज लिहिताना विचारलं, "बाबा, आज्ञाधारक लिहिलं नाही तर सुट्टी देत नाहीत का?"

मी म्हटलं, लिही गं गुपचूप. म्हणजे मी आज्ञाच केली.

त्याच रात्री मेहुण्याच्या नेटफ्लिक्सवर आम्ही दोघांनी गियेर्मो देल तोरोचा 'पिनोकिओ' पाहिला. पिक्चर २०२२ चा आहे, त्याला ऑस्करही मिळालंय, आपल्याकडे तो आत्ता पोचला. पाहायचा असेल तर आधी पाहून या, कारण पुढे मी सगळं सांगून टाकणार आहे.

लाकडाचा बाहुला, खोटं बोलला की नाक वाढतं, एवढं सगळ्यांना माहीत असतं. ते माहीत असतं डिस्नेमुळे. डिस्नेचा पिक्चर १९४० चा. गोड आहे, रंग बघत राहावेत असे आहेत. त्यातला पिनोकिओ शहाणा झाला, त्याग केला, की परी येऊन त्याला खराखुरा मुलगा करते. बक्षीस समारंभच म्हणा ना. आदर्श विद्यार्थी पुरस्कार, शाल, श्रीफळ.

देल तोरोने हीच गोष्ट उचलून मुसोलिनीच्या इटलीत नेऊन ठेवली. जेपेट्टोचा खरा मुलगा कार्लो पहिल्या महायुद्धात, चर्चवर पडलेल्या बॉम्बने गेलेला. बाप पिऊन पिऊन वाया गेलेला. एका रात्री दारूच्या नशेत, रागाच्या भरात तो झाड तोडतो आणि बाहुला ठोकून काढतो. त्यामुळे हा पिनोकिओ गुळगुळीत नाही. खिळे बाहेर आलेत, एक कान अर्धवट राहिलाय. पोरगी म्हणाली, "याला पॉलिश करायचं राहिलं." पण दहा मिनिटांत तिला तोच आवडायला लागला. हे सगळे खरे बाहुले आहेत बरं का, कॉम्प्युटरवर काढलेली चित्रं नाहीत. बाहुला केसभर हलवायचा, फोटो काढायचा, परत हलवायचा. असं करत जवळपास दोन तासांचा पिक्चर. बघताना थकवा मला आला.

गावात सगळे या पोराला बघून घाबरतात. चर्चमध्ये तो लाकडी येशूकडे बघतो आणि बापाला विचारतो, हाही लाकडाचाच, मग याच्यावर सगळे प्रेम करतात आणि माझ्यावर का नाही? मी उशी सरळ करायचं निमित्त करून डोळे पुसले. गावचा फॅसिस्ट अधिकारी मात्र वेगळाच हिशोब करतो. या पोराला मरण येत नाही, गोळी घातली तरी थोड्या वेळाने उठून बसतो. मग यापेक्षा चांगला सैनिक कुठला? नेला छावणीत. तिथे दहा-बारा वर्षांची पोरं, कवायत, झेंडा, नकली बंदुका. आणि मग त्या अधिकाऱ्याने स्वतःच्या मुलाच्या हातात खरी बंदूक देऊन सांगितलं, मार याला. मुलगा नाही म्हणतो. बापाला पहिल्यांदाच नाही म्हणतो.

लेकीने माझ्याकडे बघितलं. मी टीव्हीकडे.

मुसोलिनी स्वतः खेळ बघायला येतो तो प्रसंगही जोरदार आहे. बुटका, गोल, चिरक्या आवाजाचा. पिनोकिओ ठरलेलं स्तुतीचं गाणं सोडून त्याच्यावर शीशूचं गाणं म्हणतो. लेक गडाबडा लोळली. पुढच्याच मिनिटाला गोळी. हसू घशात अडकतं, ते असं.

मुसोलिनी यात उगाच घुसडला असं काहींना वाटेल. मला नाही वाटत. त्या काळी इटलीत पिनोकिओला फॅसिस्टांचा काळा शर्ट घालून पुस्तकं काढली होती. म्हणजे बाहुल्याची पळवापळवी आधी त्यांनीच केली, देल तोरोने फक्त तो परत आणला.

पिक्चर बघून झोप येईना म्हणून मोबाईलवर मूळ पुस्तकाचं इंग्रजी भाषांतर उघडलं आणि सकाळी चारपर्यंत वाचत बसलो. आणि मग कळलं, अरे, हा तर आपल्या धंद्यातला माणूस! कार्लो कोल्लोदी हे टोपणनाव, आईच्या गावावरून घेतलेलं. खरं नाव लोरेन्झिनी. फ्लोरेन्सचा पत्रकार. १८४८ साली त्याने 'इल लाम्पियोने' नावाचं टवाळखोर राजकीय पत्र काढलं, ते बंद पाडलं गेलं. १८६० ला त्याने ते पुन्हा सुरू केलं. मधल्या काळातली त्याची उधारी मी डोळ्यांसमोर आणू शकतो. पिनोकिओ त्याने १८८१ पासून मुलांच्या एका साप्ताहिकात हप्त्याहप्त्याने लिहिला. आणि पंधराव्या प्रकरणात पोराला झाडाला फाशी देऊन गोष्ट संपवून टाकली! वाचक पोरांनी गलका केला, म्हणून पुढे लिहावी लागली. बोलणारा रातकिडा, तो डिस्नेचा लाडका सल्लागार, मूळ पुस्तकात चौथ्याच प्रकरणात हातोडीच्या घावाने मरतो.

इथे माझी देल तोरोबद्दल एक तक्रार आहे, ती सविस्तर सांगतो. त्याच्या पिक्चरमध्ये दुःख आहे, युद्ध आहे, मरण आहे. भूक नाही. कोल्लोदीच्या पुस्तकात भूक पानोपानी आहे. जेपेट्टोच्या खोलीत चूल पेटलेली दिसते, तिच्यावर वाफाळतं भांडं दिसतं, आणि जवळ गेलं की कळतं, हे सगळं भिंतीवर रंगवलेलं आहे. पोराच्या पोटात कावळे ओरडतात, तो धावत जाऊन त्या भांड्याचं झाकण उघडायला बघतो. पुढे बाप स्वतःची न्याहारी, तीन पेअर, त्याला देतो. आधी नखरे करून साल काढून मागणारा पोरगा शेवटी सालंसुद्धा खातो, बियाही खातो. भर थंडीत म्हातारा अंगातला कोट विकून पोरासाठी अंकलिपी आणतो. कोट कुठंय विचारल्यावर म्हणतो, उकडत होतं म्हणून विकला. दुष्काळी तालुक्यात वाढलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. माझ्या वडिलांनी माझ्या पत्रकारितेच्या डिप्लोमाची फी कशी भरली ते त्यांनी मला शेवटपर्यंत सांगितलं नाही. सायकल मात्र त्या वर्षीपासून घरात नव्हती.

दोन्ही पिक्चरवाल्यांनी आणखी एक प्रकरण गाळलंय. पिनोकिओची सोन्याची नाणी कोल्हा आणि मांजर लुबाडतात. तो कोर्टात जातो. न्यायाधीश गोरिला असतो. तो सगळं शांतपणे ऐकून घेतो आणि लुबाडला गेला म्हणून पिनोकिओलाच तुरुंगात टाकतो! चार महिन्यांनी राजाचा विजय होतो, सगळ्या बदमाशांना माफी मिळते. जेलर याला सोडेना, कारण हा बदमाशांच्या यादीत नाही. मग हा म्हणतो, साहेब, मीपण बदमाशच आहे. जेलर टोपी काढून दरवाजा उघडतो. गेली वीस वर्षं तहसील आणि पोलीस स्टेशन कव्हर करणाऱ्या माणसाला हे वाचताना काय वाटलं ते लिहीत नाही.

आता नाकाचं. देल तोरोच्या पिक्चरमध्ये शेवटाकडे सगळे एका राक्षसी माशाच्या पोटात अडकतात. सुटकेचा मार्ग वर, फार उंच. तेव्हा सगळे पोराला म्हणतात, खोटं बोल. तो बोलत सुटतो, नाक वाढत जातं, त्याचा पूल होतो आणि त्यावरून ते बाहेर पडतात. आयुष्यभर ज्यासाठी मार खाल्ला तेच कामी आलं.

लेकीने पिक्चर थांबवला. "म्हणजे खोटं चालतं?"

मी म्हटलं, जीव वाचवायला बोलला ना तो.

ती जरा वेळ गप्प. मग म्हणाली, "शाळेत तुमची बातमी लावलीये बोर्डावर. पाण्याची. मॅडमनी मला उभं केलं, बाबांचं नाव आलंय म्हणून टाळ्या वाजवल्या. मी म्हटलं, पण आमच्याकडे पाचव्या दिवशी येतं. सगळी मुलं हसली."

ती बातमी तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी वाचली असेल. 'शहराला दिवसाआड मुबलक पाणी.' ती मी लिहिलेली नाही. प्रेसनोट होती, मी वर माझं नाव टाकून पाठवली. त्या आठवड्यात वर्धापन दिनाच्या पुरवणीसाठी जाहिरात यायची होती, ती आली. अर्धं पान. कमिशनमधून लेकीच्या क्लासची फी गेली. आकडे माझ्या घरातल्या पिंपाला विचारले असते तरी खोटे निघाले असते.

हा पिनोकिओ शेवटी हाडामांसाचा होत नाही. लाकडाचाच राहतो, खिळ्यांसकट, आणि बाप त्याला तसाच पोरगा म्हणून घेतो. तो कुठल्या परीक्षेत पास झाला म्हणून नाही. सगळी म्हातारी माणसं एकेक करून जातात आणि हा मागे राहतो. लेक तोवर झोपली होती, शेवट मी एकट्याने पाहिला. तिला उद्या परत दाखवणार आहे.

आमच्या गल्लीचा हिशोब देतो, बायकोने कॅलेंडरवर खुणा केल्यात. या महिन्यात पाणी आलं ३ तारखेला, मग ८, मग १३, मग थेट १९ ला. दर वेळी साधारण चाळीस मिनिटं, १९ ला वीसच. तुमच्या गल्लीत कधी आलं, किती वेळ आलं, ते खाली तारखेसकट लिहा. नाव छापू नका म्हणालात तर छापणार नाही. सोमवारपर्यंत जेवढं जमेल तेवढं घेऊन बातमी पाठवतो, या वेळी मी लिहिलेली.