वाळवंटातील नदीकाठी चौविहार

नेर परसोपंतच्या माणसाला उन्हाळा समजावून सांगावा लागत नाही. यवतमाळ-अमरावती रस्त्यावरचे हे तालुक्याचे गाव काळ्या मातीचे आणि कापसाचे. पऱ्हाट्या उपटून मोकळी झालेली शेते मे महिन्यात भेगाळतात, नाल्यांमध्ये पाण्याची नुसती वाट उरते, आणि आभाळ भरून आल्याखेरीज नदीला पूर येऊ शकतो ही गोष्ट तेथे कोणी खरी मानणार नाही. अशा गावातील एक वयस्कर ओसवाल दांपत्य अमेरिकेत डेन्वर येथे मुलाकडे गेले. जूनच्या मध्यात नातवाने बेत मांडला : यूटा राज्यातील वाळवंटात, ग्रीन नदीच्या काठी सरकारी उद्यान आहे, तेथे दोन रात्री तंबूत राहायचे.

आजींनी तत्काळ नकार दिला. चाळीस वर्षांचा चौविहार होता. सूर्यास्तानंतर अन्न नाही, पाण्याचा थेंबही नाही. पिण्याचे पाणी उकळलेलेच. शिवाय उघड्यावर दिवा लावला की पतंग-किडे झेपावणार, शेकोटी पेटवली की अग्निकायाची हिंसा, आणि तंबूची खुंटी ठोकायची ती कोणाच्या वारुळावर, हे कोणी पाहणार? “रानात राहावं साधूंनी. आपण संसारी माणसं, तिथं जाऊन जीवांना उपद्रव कशाला द्यायचा?” असे त्यांचे म्हणणे. चातुर्मास लागायला अवकाश होता. तो लागला असता तर विषय तेथेच संपला असता.

नातवाने वाद घातला नाही. त्याने त्या गावाची सूर्यास्ताची वेळ काढून दाखवली. नेरला जूनमध्ये सातच्या सुमारास दिवस मावळतो. तेथे पावणेनऊ वाजत आले तरी सूर्य क्षितिजावर असतो. चूल लवकर आटोपायची, शेकोटी पेटवायचीच नाही आणि तंबूची जागा आजींनी निवडायची, अशा तीन अटींवर आजी मोटारीत बसल्या.

डेन्वरहून सत्तर क्रमांकाचा महामार्ग पश्चिमेला रॉकी पर्वत चढतो. अकरा हजार फुटांहून उंच असलेल्या आयझेनहॉवर बोगद्याजवळ जूनमध्येही शिखरांवर बर्फ दिसते. पुढे उतरण लागते, देवदार वृक्ष विरळ होतात, आणि पाच-सहा तासांच्या प्रवासाअंती सगळे हिरवेपण पुसले जाऊन राखाडी-तांबडी, उघडीबोडकी भूमी समोर येते. उत्तरेला बुक क्लिफ्स या कड्यांची लांबच लांब भिंत. ग्रीन रिव्हर हे गाव या भूमीत वसले आहे. वर्षाकाठी येथे सुमारे सात इंच पाऊस पडतो. यवतमाळकडे त्याच्या पाचपट तरी पडतो आणि तरीही आपण अवर्षणाची तक्रार करतो.

गावाला लागूनच उद्यान आहे. हिरवळ, उंच वृक्षांची सावली, प्रत्येक मुक्कामाच्या जागी लाकडी मेज, पिण्याच्या पाण्याचा नळ आणि स्नानगृह. वाळवंटातील वनवास म्हणून आजींनी जे कल्पिले होते, त्या मानाने ही सोय धर्मशाळेच्या वरची निघाली. आजोबा मात्र थेट काठाशी गेले आणि थबकले. नदी दुथडी भरली होती. गढूळ, वेगवान पाणी काठच्या झुडपांच्या बुंध्यांपर्यंत चढले होते. आकाशात ढगाचा ठिपका नव्हता, अंगाची लाही होत होती, आणि नदीला पूर!

“पाऊस पडला तरी कुठं?” त्यांनी विचारले.

पाऊस कोठेच पडला नव्हता. ग्रीन नदी उगम पावते वायोमिंग राज्यातील विंड रिव्हर पर्वतात. हिवाळाभर साचलेले बर्फ मे-जूनच्या उन्हात वितळते, आणि जितके ऊन कडक तितके पाणी अधिक. वाटेवर फ्लेमिंग गॉर्जचे मोठे धरण आहे. पण यांपा ही प्रमुख उपनदी आजही बहुतांशी मोकळी वाहते, म्हणून उन्हाळी पुराची खूण अद्याप उरली आहे. सुमारे ७३० मैल वाहून ही नदी कॅन्यनलँड्सच्या खोल घळीत कोलोरॅडो नदीला मिळते. आपल्याकडे ऊन नदीला आटवते. येथे तेच ऊन तिला भरते. आजोबा बराच वेळ ते पाणी पाहत उभे होते.

त्यांना दुसरे नवल वाटले ते झाडांचे. वाऱ्याबरोबर पांढरे पुंजके तरंगत येत होते, गवतावर साचत होते. कापसाच्या गावचा माणूस. त्याने चिमूट उचलून बोटांत पिळून पाहिली. या झाडाचे इंग्रजी नाव कॉटनवुड, म्हणजे कापूसझाडच. पण तंतू इतका आखूड आणि निसरडा की सूत धरत नाही. “आपल्या सावरीसारखा. उशीत भरावा, बाजारात नेऊ नये,” असा निर्णय देऊन त्यांनी तो पुंजका वाऱ्यावर सोडला. वाळवंटात हे झाड दूरवरून दिसले की तेथे पाणी आहे असे समजावे. काठापासून थोडे अंतर गेले की ते संपते आणि उजाड माळ सुरू होतो. पक्षी, कीटक, माणसे सगळ्यांची वस्ती त्या चिंचोळ्या हिरव्या पट्ट्यात दाटलेली असते.

जागा निवडण्याचे काम आजींनी गांभीर्याने केले. पहिल्या जागी मुंग्यांची रांग निघाली म्हणून तंबू चार हात सरकवला. दुसऱ्या जागी गवतात इवले कोळी दिसले, तेव्हा पुंजणीने हळुवार जागा पुंजून मगच कापड अंथरले. शेजारच्या तंबूतील गोरे कुटुंब हा विधी कुतूहलाने पाहत होते. सुनेने गॅसच्या शेगडीवर मुगाची खिचडी टाकली, पाणी उकळून बाटल्यांत भरले. बरोबर दशम्या आणि शेव होतीच. आठाच्या आत जेवणे आटोपली, आणि उन्हे कड्यांवर तांबूस होत असताना आजींनी शेवटचा घोट घेऊन पच्चक्खाण केले. नातवानेही त्या रात्री पाणी घेतले नाही. त्याला कोणी सांगितले नव्हते. एवढ्या कोरड्या हवेत हे सोपे नाही, हे येथे नोंदवले पाहिजे.

खरी परीक्षा डासांची झाली. पुराचे पाणी काठच्या सखल जागी साचते आणि तिन्हीसांजेला तेथून थवे उठतात. नातवाने फवाऱ्याची बाटली काढली. आजींनी ती परत पिशवीत ठेवायला लावली आणि सगळ्यांना जाळीच्या तंबूत बसवले. कंदील विझवला, की ना पतंग मरणार ना डास येणार. अंधारात प्रतिक्रमण झाले. मग जाळीतूनच तारे दिसू लागले, इतके की नेरच्या गच्चीवर लहानपणी दिसत असत तितके. ध्रुव मात्र जागेवर नव्हता! नेरहून तो उत्तरेला जेमतेम वीस अंश वर दिसतो. येथे तो एकोणचाळीस अंशांवर, जवळजवळ दुप्पट उंच. ध्रुवसुद्धा माणसाच्या गावाप्रमाणे जागा बदलतो, याचा आजोबांना थोडा खेद झाल्यासारखा दिसला.

दुसऱ्या दिवशी गावातील जॉन वेस्ली पॉवेल यांच्या नावाचे नदी-इतिहास संग्रहालय पाहिले. लढाईत उजवा हात गमावलेला हा भूगर्भतज्ज्ञ २४ मे १८६९ रोजी वायोमिंगमधून चार नावा आणि नऊ सोबती घेऊन या अज्ञात प्रवाहात उतरला. एक नाव फुटली, चौघे वाटेत सोडून गेले, शिधा भिजून नासला. अखेरीस सहा जण ग्रँड कॅन्यनच्या पार पोचले. शेवटी त्यांच्याजवळ बुरसट पीठ, वाळलेली सफरचंदे आणि कॉफी उरली होती, हे ऐकून आजी म्हणाल्या, “खाखरे न्यायला हवे होते.”

पॉवेल यांनी या कोरड्या प्रदेशात पाणी जमिनीपेक्षा थोडे आहे, असा इशारा पुढे दिला होता. तो फारसा मानला गेला नाही. १९२२ साली सात राज्यांनी कोलोरॅडोचे पाणी करार करून वाटून घेतले, पण हिशेब धरला तो भरपूर पावसाच्या वर्षांचा. परिणाम असा की ही महानदी आज बहुधा समुद्रापर्यंत पोचतच नाही.

त्या सायंकाळी गावाबाहेरच्या माळावर फिरताना एक फलक लागला : पायवाट सोडू नका, माती जिवंत आहे. आजी खाली वाकल्या. वाळूवर काळपट, खडबडीत पापुद्रा होता, करपलेल्या भाकरीच्या पापुद्र्यासारखा. सूक्ष्म जीवाणू, दगडफूल आणि शेवाळ यांच्या धाग्यांनी वाळूचे कण तेथे एकत्र बांधलेले असतात. त्यामुळे माती उडत नाही, पावसाचा थेंब मुरतो, बी रुजते. एक पाऊल पडले तर तो भरून यायला वर्षे, कित्येकदा दशके लागतात. ईर्यापथिकी सूत्रात चालताना दुखावल्या गेलेल्या ज्या जीवांची क्षमा मागितली जाते, त्यांत मुंग्यांची वारुळे आहेत, ओली माती आहे, कोळ्याचे जाळे आहे आणि शेवाळही आहे. आजींनी ते जन्मभर म्हटले होते. मग हा पापुद्रा पृथ्वीकाय की वनस्पतीकाय, यावर आजी आणि नातू यांची जुंपली. शेवाळ आहे म्हणजे अनंतकाय, असे आजींचे मत. वाळू निर्जीव नाही काय, असा नातवाचा उलट प्रश्न. निकाल लागला नाही, पण परतताना दोघे एकमेकांच्या पावलांत पाऊल टाकून चालत होते.

मुक्कामावर परतल्यावर आजोबांनी नेरला धाकट्या भावाला फोन लावला. येथे संध्याकाळचे आठ, तिकडे सकाळचे साडेसात.

“पाऊस आला का?”

“नाही ना, दादा. पेरण्या खोळंबल्यात.”

आजोबांनी समोरची नदी सांगितली. ढग नाही, पाऊस नाही, तरी पाणी काठाबाहेर. पलीकडे काही क्षण शांतता पसरली. मग भावाने विचारले, “त्या पाण्यावर पीक कोणतं घेतात?”

“टरबूज,” आजोबा म्हणाले. “पण अजून पिकली नाहीत.”